न सांगणे आणि लपवणे

धर्मश्रद्धा ही ज्याची त्याची खासगी बाब आहे, हे वाक्य आपण इतक्या सहजपणे उच्चारतो की ते सिद्ध करण्याची गरज कोणास वाटत नाही. वक्ता ते व्यासपीठावरून सांगतो, संपादक अग्रलेखात लिहितो आणि श्रोता मान डोलावून घरी जातो. पुढे घरात मुलीचे लग्न निघाले किंवा कोणाचे उत्तरकार्य करावयाचे झाले की तोच श्रोता ते वाक्य विसरतो. तेव्हा हे वाक्य खरे आहे की केवळ सोयीचे आहे याची परीक्षा करावयाची तर ती तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांवरून करण्यापेक्षा, ज्यांत माणसे प्रत्यक्ष नांदली आहेत अशा ग्रंथांवरून करणे बरे. मराठीत या कामी दोन ग्रंथ विशेष उपयोगी पडतात. एक, रमाबाई रानडे यांचा 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हा १९१० मध्ये प्रसिद्ध झालेला ग्रंथ. दुसरा, लक्ष्मीबाई टिळक यांची १९३४ ते १९३६ या काळात भागाभागांनी बाहेर पडलेली 'स्मृतिचित्रे'. पहिल्याची वाखाणणी पतिनिष्ठेचे निर्मळ चित्र म्हणून होते, दुसऱ्याची त्यातील खेळकर विनोदासाठी. दोन्ही स्तुती रास्तच आहेत. परंतु नवऱ्याच्या मनात जी श्रद्धा होती तिची किंमत घरात कोणी व कशी मोजली, याचा जमाखर्चही या दोन पुस्तकांत आहे, आणि तो वाचण्याचे श्रम आपल्या टीकाकारांनी फारसे घेतलेले नाहीत.

या जमाखर्चाची पूर्वपीठिका थोडक्यात सांगितली पाहिजे. १८४९ च्या सुमारास मुंबईत परमहंस सभा स्थापन झाली. दादोबा पांडुरंग तर्खडकर हे तिच्या प्रवर्तकांपैकी. जातिभेद मानू नये आणि एका ईश्वराची भक्ती करावी, हे तिचे सार. पण सभासद होणाऱ्याने नुसते मत सांगून भागत नसे. ख्रिस्त्याने भाजलेला पाव त्यास सर्वांसमक्ष खावा लागे. 'सर्वांसमक्ष' याचा अर्थ मात्र बंद दाराआड जमलेल्या सभासदांसमक्ष, एवढाच. बाहेर पडल्यावर हीच मंडळी आपापल्या घरी सोवळे नेसून पाटावर बसत. १८६० च्या सुमारास सभेची कागदपत्रे चोरीस गेली, सभासदांची नावे उघड होण्याची वेळ आली, आणि सभा विरून गेली. तिच्यातील काहींनी पुढे १८६७ मध्ये प्रार्थनासमाज काढला तो उघड्यावर, पण जातिबंधन तोडण्याची अट वगळून.

या छोट्या इतिहासात आपल्या प्रश्नाचे मर्म आहे. परमहंस मंडळींची श्रद्धा गुप्त होती; तिला खासगी म्हणता येणार नाही. या दोन शब्दांत आपण पुष्कळदा गल्लत करतो. जी गोष्ट कळल्यास आपले काही बिघडेल म्हणून आपण झाकून ठेवतो ती गुप्त. जी गोष्ट विचारण्याचा दुसऱ्यास अधिकार नाही म्हणून आपण सांगत नाही ती खासगी. पहिलीच्या मुळाशी भीती असते, दुसरीच्या मुळाशी हक्क. लपवणारा मनुष्य रात्री दचकून उठतो. न सांगणारा स्वस्थ झोपतो. आपल्या समाजाने श्रद्धेला गुप्ततेची मुभा नेहमीच दिली. मनात काय वाटेल ते माना, असे म्हणण्याइतका तो उदार होता. हक्काच्या मौनाला मात्र त्याच्यापाशी जागा नव्हती. कारण समाजाचा प्रश्न 'तू काय मानतोस?' हा कधी नव्हताच. 'तू कोणाच्या हातचे खाल्लेस?' हा त्याचा प्रश्न होता, आणि या प्रश्नाचे उत्तर मनात ठेवता येत नाही.

पुण्याच्या पंचहौद मिशनातील १८९० चे चहाप्रकरण हे याचे उत्तम उदाहरण. व्याख्यानासाठी म्हणून शहरातील प्रतिष्ठित मंडळी मिशनात जमली. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी चहा घेतला, कोणी शिष्टाचार म्हणून पेला नुसता हाती धरला. गोपाळराव जोशी यांच्या खटपटीने उपस्थितांची नावे 'पुणेवैभव' पत्रात छापून आली आणि शहरात वादळ उठले. त्या यादीत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. ईश्वराविषयी या दोघांची मते किती भिन्न होती हे सांगण्याचे कारण नाही. पण शंकराचार्यांच्या वतीने चौकशी बसली तेव्हा त्या मतांची विचारपूस कोणी केली नाही. चौकशी झाली ती पेल्याची. लोकमान्यांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले ते आपल्याकडून पाप घडले असे वाटले म्हणून नव्हे. बहिष्कारामुळे ज्या मित्रांच्या घरी अडचणी उभ्या राहिल्या होत्या त्यांची वाट मोकळी व्हावी म्हणून घेतले.

रमाबाईंच्या ग्रंथातील हा भाग फार काळजीपूर्वक वाचावा. पतीच्या कोणत्याही कृतीबद्दल उणा शब्द लिहिणे त्यांच्या स्वभावात नाही. सबंध पुस्तक आदराने वाकलेले आहे. असे असूनही प्रायश्चित्ताची गोष्ट आपणास रुचली नाही हे त्यांनी लपवलेले नाही. न्यायमूर्तींचा विचार स्पष्ट होता. बाहेरचा विधी ही देहाची गोष्ट. त्याने मनातील श्रद्धेस बाध येत नाही. मग चार माणसांचे दुःख त्याने कमी होत असेल तर तो केल्याने काय बिघडले? हा विचार उदार आहे, पण त्यात एक धोका आहे. श्रद्धा मनाची आणि आचार देहाचा अशी वाटणी एकदा मान्य केली की श्रद्धा सुरक्षित राहते, आणि आचारावर समाजाची सत्ता कायमची मान्य होते. रानड्यांच्या श्रद्धेला त्या दिवशी कोणी हात लावला नाही हे खरे. तिला हात लावण्याची कोणास आवश्यकताच उरली नव्हती.

याच वाटणीची दुसरी खूण रानड्यांच्या आयुष्यात आधीच पडली होती. पहिली पत्नी निवर्तल्यावर विधवेशी विवाह करावा अशी सुधारकांची त्यांच्याकडून अपेक्षा होती. वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून त्यांनी १८७३ मध्ये अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केले. म्हणजे पतीच्या खासगी मतापासून त्याच्या जाहीर आचारापर्यंत जे अंतर होते, त्या अंतरातच या लेखिकेचा संसार उभा राहिला. पुढे त्याच पतीने तिला लिहावयास-वाचावयास शिकवले, आणि घरातील बायकांनी त्याबद्दल जो जाच केला तो तिने सोसला. नवऱ्याचे मत नवऱ्याचे खासगी होते. त्याचा दंड बायकोला स्वयंपाकघरात भरावा लागला. ग्रंथातील ही पाने वाचताना रमाबाईंच्या तक्रारीविना चाललेल्या कथनाने आपण हेलावतो. टीकाकार म्हणून मला असे वाटते की त्या अबोल सुरातच ग्रंथाची मर्यादाही आहे. न्यायमूर्ती कोणत्या वेळी उठत, अभंग म्हणताना कसे तल्लीन होत, हे आपणास कळते. त्या प्रार्थनेविषयी स्वतः रमाबाईंच्या मनात काय होते हे क्वचितच कळते. पतीची श्रद्धा त्यांनी जगापुढे ठेवली आणि स्वतःची खासगी ठेवली. ती हक्काने ठेवली की तिच्याविषयी कोणी विचारलेच नाही म्हणून ती तशी राहिली, हे ठरवणे वाचकाकडे आहे.

त्याच पुण्यात, त्याच वर्षांत, पंडिता रमाबाईंनी हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवू पाहिला. त्यांनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला होता. १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेले त्यांचे शारदासदन पुढल्या वर्षी पुण्यास आले. संस्थेत धर्म शिकवला जाणार नाही असे त्यांचे वचन होते आणि रानडे, भांडारकर यांच्यासारखे लोक सल्लागार मंडळात होते. पंडिता आपल्या खोलीत आपल्या मुलीसह प्रार्थना करीत आणि दार उघडे ठेवीत. काही मुली आपण होऊन त्या दाराशी आल्या, आत बसल्या. एवढ्यावरून गदारोळ झाला व १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले. दार लावून प्रार्थना केली असती तर सगळे सुरळीत चालले असते असे पुष्कळांस वाटले. पण स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या देवापुढे बसताना दार लावावेच लागत असेल, तर ती खोली आपली कशी म्हणावी? अनाथ आणि परस्वाधीन मुलींच्या पालकांची भीती अगदीच निराधार होती असे म्हणवत नाही; ज्याच्या हातचे अन्न खावयाचे त्याचा देव आश्रितास मोठा दिसू लागतो, हा मनुष्यस्वभाव आहे. तरीही समाजाने पंडितांपुढे जो पर्याय ठेवला तो दार लावण्याचा, म्हणजे परमहंस सभेचाच होता.

आता 'स्मृतिचित्रे'. नारायण वामन टिळक यांस आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने नवा करार दिला, आणि फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. या दोन घटनांच्या मधल्या काळात त्यांच्या मनात काय चालले होते, याचे विवेचन लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात फार थोडे आहे. बाबा पदमनजींच्या 'अरुणोदया'त धर्मांतर हा एक दीर्घ वादविवाद आहे. शंका, ग्रंथ, प्रतिपक्ष, निर्णय असा तो क्रमाने पुढे सरकतो. 'स्मृतिचित्रां'त तो वाद नाही, याला उणीव मानता येईल. मला ती या पुस्तकाची सर्वात प्रामाणिक बाजू वाटते. नवऱ्याचा विचार बायकोपाशी पोहोचलाच नव्हता. पोहोचला तो परिणाम. श्रद्धा त्याची खासगी होती आणि तिच्यामुळे सुटलेले घर मात्र दोघांचे होते. तिला नातेवाइकांच्या आश्रयाने दिवस काढावे लागले, लहानग्या दत्तूची काळजी वाहावी लागली, येणाऱ्याजाणाऱ्याची कीव सोसावी लागली.

सोवळ्याचा विषय या लेखिकेस नवा नव्हता. तिच्या वडिलांना सोवळ्याचे वेडच होते, आणि त्या वेडापायी घरातल्या माणसांची जी त्रेधा उडे ती तिने अशा खुबीने रंगवली आहे की हसता हसता डोळ्यांत पाणी यावे. वाचक त्या प्रकरणाकडे विनोदी प्रस्तावना म्हणून पाहतो. पण ग्रंथाच्या रचनेत त्याचे काम मोठे आहे. वडिलांच्या घरी धर्म म्हणजे शिवाशीव. नवऱ्याच्या घरी धर्म म्हणजे मनाचा पालट. पहिला सर्वस्वी बाहेरचा, दुसरा सर्वस्वी आतला, आणि दोहोंच्या मध्ये पाण्याची घागर घेऊन उभी असलेली ही बाई. नगरास येऊन ती नवऱ्याजवळ राहू लागली तेव्हा काही काळ तिची चूल वेगळी व पाणी वेगळे होते. आपल्या साहित्यात परमतसहिष्णुतेवर निबंध पुष्कळ आहेत; पण भिन्न धर्मांची दोन माणसे एका छपराखाली, प्रेमात अंतर न पडू देता कशी राहिली याचे असे चित्र मला दुसरीकडे आढळले नाही. रेव्हरंड टिळक तापट, लहरी, उधळे, हे सगळे ती सांगते. पण तिच्या सोवळ्यावर त्यांनी जबरदस्ती केली नाही, हेही सांगते. बाहेरचा समाज जे देऊ शकला नाही ते या घराने दिले. तिला वेळ मिळाला. त्या वेळात तिने जातिभेद देवाने केला की माणसाने, याचा स्वतः विचार केला, आणि आपल्या पायांनी चालत जाऊन ती निर्णयास पोहोचली. तिचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला. पाच वर्षांच्या या अंतराला मी या ग्रंथाचा गाभा मानतो. श्रद्धा खासगी असणे म्हणजे काय, याची मराठीतील सर्वात चांगली व्याख्या त्या पाच वर्षांत आहे: शेजारी राहून, न विचारता वाट पाहणे.

रेव्हरंड टिळकांच्या उत्तरायुष्यातील एक गोष्ट येथे विसरून चालणार नाही. १९१७ मध्ये ते मिशनच्या चाकरीतून बाहेर पडले आणि 'देवाचा दरबार' या कल्पनेमागे लागले. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात एकत्र यावेत, अशी ती योजना होती. उघडपणे बाप्तिस्मा घेऊन ज्याने घरदार पणाला लावले, त्यालाच अखेरीस असे वाटावे की विधीचा दाखला न मागता माणसास भक्त म्हणून जवळ करावे, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. दोनच वर्षांनी, १९१९ मध्ये ते वारले आणि दरबार फारसा उभा राहिला नाही. पण समाजाइतकीच चर्चलाही दाखल्याची सवय असते, हे त्या प्रयत्नाने दाखवून दिले.

यावर कोणी असा आक्षेप घेईल की श्रद्धा खासगी ठेवण्याचा हा आग्रह सुखवस्तू ब्राह्मणी घरांचा आहे. ज्यांस समाजाने धर्माच्या नावाने चव्हाट्यावर अपमानिले त्यांनी आपली श्रद्धा मनात का ठेवावी? आक्षेप बिनतोड आहे. डॉ. आंबेडकरांनी १९३५ मध्ये येवल्यास आपला निश्चय जाहीर केला आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास लाखोंच्या समक्ष बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. ती दीक्षा एकांतात घेतली असती तर तिचा अर्थच नाहीसा झाला असता. ज्यांचे पाणी भर तळ्यावर अडवले गेले त्यांची मुक्तीही भर मैदानावरच व्हावयास हवी होती. पण याने माझ्या म्हणण्यास बाध येत नाही. न सांगण्याच्या हक्कात सांगण्याचा हक्क सामावलेलाच आहे. केव्हा सांगावे, कोणास सांगावे हे ज्याचे त्याने ठरवावे, एवढाच मुद्दा. दीक्षाभूमीवर लाखो लोक आपण होऊन बोलले. पंचहौदात माणसे कितीही असोत, त्यांना दुसऱ्यांनी बोलावयास लावले. फरक तेथे आहे.

कायद्याने या बाबतीत काय केले आहे, हे सरकारी कचेरीत दिवस काढणाऱ्या आपल्यासारख्यांनी तरी नीट पाहावे. धर्म किंवा जात सोडल्याने वारसाहक्क जाऊ नये असा कायदा १८५० मध्येच झाला. पण त्याने जमीन वाचली, शेजार वाचला नाही. राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य दिले. आपल्या प्रश्नाला थेट भिडणारे निकाल मात्र अगदी अलीकडचे आहेत. धर्मांतरापूर्वी जिल्हादंडाधिकाऱ्यास सूचना द्यावी, अशी अट हिमाचल प्रदेशाच्या २००६ च्या कायद्यात होती. तेथील उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ती रद्द केली, आणि आपली श्रद्धा उघड न करण्याचाही माणसास अधिकार आहे असे म्हटले. पुढे त्याच राज्याने २०१९ मध्ये नवा कायदा करून पूर्वसूचनेची अट पुन्हा आणली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये असा निर्णय दिला की कोणत्याही नमुन्यात धर्म लिहिण्याची सक्ती शासनास करता येणार नाही. 'मला धर्म नाही' असे म्हणण्याचीही मुभा आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करणाऱ्यांची नोटीस तीस दिवस फलकावर झळकते. ती प्रसिद्ध करणे वधूवरांच्या इच्छेवर असावे, असे अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटले. एक पाऊल पुढे आणि एक मागे, अशी ही चाल आहे. कचेरीच्या फलकावरची ती नोटीस पाहिली की 'पुणेवैभवा'तील यादीची आठवण होते. यादी छापणारा बदलला, यादी वाचणारे तेच आहेत.

मुलखापासून दूर नोकरी करणाऱ्या आपणा मंडळींस या विषयात एक भ्रम होण्याचा संभव आहे. दिल्लीच्या किंवा कलकत्त्याच्या सरकारी वसाहतीत एका जिन्यावर बंगाली, तमिळ, पंजाबी आणि मराठी बिऱ्हाडे नांदतात. कोण कोणाच्या घरी जेवला याची यादी कोणी ठेवत नाही. त्यावरून आपणास वाटते की आपण फार सुधारलो, आपली श्रद्धा आता आपली झाली. वस्तुतः शेजाऱ्यास आपली भाषाच पुरती कळत नाही म्हणून तो विचारत नाही. आपणही त्याची जात ओळखू शकत नाही म्हणून गप्प असतो. याला अनोळखीपणा म्हणावे. सहिष्णुता म्हणू नये. हाच गृहस्थ रजा घेऊन गावी जातो, मुलाची मुंज किंवा मुलीचे लग्न काढतो, आणि मग कोणास पंगतीस बोलवावे, कोणास नुसती पत्रिका पाठवावी याचा हिशेब करू लागतो. त्या वेळी त्याच्या श्रद्धेची खरी परीक्षा होते. परगावी लाभलेला मोकळेपणा आपण स्वतः मिळवलेला आहे की तो आपणास बदलीच्या हुकुमाबरोबर मिळाला आहे, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी ठरवावे.

तर मग धर्मश्रद्धा समाजात खासगी राहू शकते काय? या दोन ग्रंथांचा पुरावा मानावयाचा तर उत्तर असे येते: एकट्याच्या निश्चयाने ती राहत नाही. गुप्त मात्र राहते, आणि मग तिचे ओझे घरातल्या सर्वांत दुबळ्या माणसावर पडते. ती खरोखर खासगी व्हावयाची असेल तर न विचारण्याचा संयम दुसऱ्या कोणास तरी पाळावा लागतो. नवऱ्यास, बायकोस, शेजाऱ्यास, कारकुनास आणि सरकारासही. न्यायमूर्ती रानड्यांच्या विद्वत्तेस, सौजन्यास पुण्याने मान दिला; हा संयम मात्र दिला नाही. रेव्हरंड टिळकांच्या मोडक्यातोडक्या संसाराने तो दिला. म्हणून ग्रंथ या नात्याने रमाबाईंच्या आठवणी अधिक नीटस असल्या, तरी या प्रश्नापुरते 'स्मृतिचित्रे' हे पुस्तक मला श्रेष्ठ वाटते. त्यात श्रद्धेची चर्चा थोडी आहे आणि श्रद्धेला दिलेली जागा मोठी आहे. ज्यांनी ते विनोदासाठी एकदा वाचले असेल त्यांनी ते पुन्हा वाचावे. दुसऱ्या वाचनाच्या वेळी हसू तेवढेच येईल. मात्र वेगळ्या ठेवलेल्या त्या घागरीपाशी वाचक थोडा अधिक वेळ थांबेल.